ठिपके जोडणार कोण?

दिवाळी अंकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, एखादे प्रवासवर्णन असावे, हे मला मान्य आहे. फराळाच्या ताटाशेजारी संगणकातल्या एका रुक्ष हत्याराची चर्चा आणून ठेवणे हा औचित्यभंग आहे, असे कोणी म्हटले तर तेही मी मुकाट्याने ऐकून घेईन. परंतु ज्या भाषेत आपण या कथा-कविता वाचतो ती भाषा आज कागदावर उतरण्यापूर्वी संगणकातच जुळवली जाते, आणि पुष्कळदा कागदावर न उतरता संगणकातच राहते. तिथे तिचे नेमके काय होते, हे उघडून पाहण्याचे जे साधन आहे, त्यात मराठी दिसतच नाही. दिसतात ते नुसते ठिपके. या ठिपक्यांवरून मला भांडायचे आहे. आणि हे भांडण परक्यांशी नसून आपल्याच मंडळींशी आहे.

त्या साधनाचे नाव हेक्स एडिटर. संगणकातील कोणतीही फाइल घ्या. नातवाच्या बारशाचा फोटो असो, बँकेचा उतारा असो, की एखादे भजन असो. ती शेवटी आकड्यांची एक लांबलचक माळ असते. माळेतला प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या दरम्यानचा असतो आणि त्याला बाइट म्हणतात. हे आकडे दहाच्या पद्धतीने न लिहिता सोळाच्या पद्धतीने लिहिण्याची संगणकवाल्यांची रीत आहे. यात आपल्याला बिचकण्यासारखे काही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचा रुपया सोळा आण्यांचा होता आणि शेर सोळा छटाकांचा होता. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तोवर सारा महाराष्ट्र सोळांतच हिशेब करीत होता. संगणकवाले शून्य ते नऊ हे अंक संपले की पुढच्या सहांना ए, बी, सी, डी, ई, एफ अशी अक्षरे देतात, एवढाच काय तो फरक. अशा रीतीने प्रत्येक बाइट दोन चिन्हांत मावतो.

हेक्स एडिटर ही माळ पडद्यावर तीन रकान्यांत मांडतो. डावीकडे हा कितवा बाइट आहे तो क्रमांक, मधोमध ओळीला सोळा याप्रमाणे बाइट, आणि उजवीकडे त्याच बाइटांची अक्षरे. त्यात आकडा बदलता येतो, शोधता येतो, जतन करता येतो. कोणताही फोटो जेपीईजी पद्धतीचा असेल तर त्याची सुरुवात एफएफ डी८ या दोन बाइटांनी आणि शेवट एफएफ डी९ यांनी होतो. वर्डची अलीकडची फाइल उघडली तर आरंभी ‘पी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरे दिसतात. ती झिप पद्धतीचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरे आहेत, कारण ती फाइल म्हणजे मुळात एक झिपचे गाठोडे असते. फाइलीला नाव काहीही द्या, वरचे वेष्टन कसेही रंगवा. हेक्स एडिटरपुढे तिची जात लपत नाही. डॉक्टरच्या नळीचे जे स्थान, ते संगणकाच्या कामात या साधनाचे.

यांपैकी ज्या साधनांबद्दल मी बोलतो आहे ती टर्मिनलमध्ये, म्हणजे निव्वळ अक्षरांच्या काळ्या खिडकीत चालणारी आहेत. आणि ती ओपन सोर्स आहेत. त्यांची घडण कोणालाही वाचता येते, बदलता येते, बदललेली दुसऱ्याला देता येते. ‘एक्स-एक्स-डी’ नावाचे असे एक छोटे साधन यर्गेन वायगर्ट याने १९९० साली लिहिले. ते पुढे ‘विम’ या प्रसिद्ध लेखन-साधनाबरोबर जगभर पोहोचले आणि आजही चालते आहे. विमचा जनक ब्रॅम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये वारला. साधन त्याच्याबरोबर गेले नाही. इतरांनी ते सांभाळले. खाजगी कुलपात असते तर ते कधीच मूठमाती पावले असते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो.

‘मराठी’ हा शब्द एका साध्या फाइलीत लिहा आणि ती अशा एखाद्या जुन्या साधनात उघडा. मधल्या रकान्यात पंधरा बाइट दिसतील: ई० ए४ एई, ई० ए४ बी०, ई० ए४ बीई, ई० ए४ ए०, ई० ए५ ८०. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, अशी ही पाच चिन्हे. प्रत्येकाला तीन बाइट. इथवर सारे ठीक. पण उजवीकडे, जिथे अक्षरे दिसावयाची, तिथे काय दिसते? पंधरा ठिपके! शेजारी कोणी ‘मराठी’ हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर तो मात्र ठळक वाचता येतो. ज्ञानेश्वरी उघडा, ठिपके. सातबारा उघडा, ठिपके. आईचे पत्र उघडा, ठिपके. दिवाळीत अंगणात ठिपके काढतात ते ओळी जोडून रांगोळी करण्यासाठी; इथे नुसतेच ठिपके आहेत आणि जोडणारा हात कोणाचा नाही.

यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याचे ‘ॲस्की’ हे मानक ठरले. त्यात एकूण १२८ जागा होत्या आणि पुढच्या सुधारणेनंतर छापता येण्यासारखी चिन्हे झाली ९५. जुन्या साधनांनी त्या ९५ चिन्हांना ‘अक्षर’ मानले आणि बाकीच्यांपुढे ठिपका ठेवला. त्या दिवसांत ते रास्तही होते. परंतु पुढे जगातल्या लिप्यांना जागा देणारे युनिकोड आले. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ते बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही सुबक पद्धत बसवली. आणि आज मराठीचा बहुतेक मजकूर त्याच पद्धतीने साठवला जातो. जग पुढे गेले, ठिपका मात्र तिथेच बसून आहे. ज्यांना तो खुपत नाही त्यांनी तो काढला नाही, यात नवल नाही. ज्यांना खुपावयास हवा त्यांनीही काढला नाही, हे नवल आहे.

“यात अडते काय? मराठी वाचायला दुसरी साधने आहेत,” असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना मी एक साधे उदाहरण देतो. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव घ्या. त्यातला तो अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडण्याची: ई० ए४ बी१, ई० ए५ ८डी. दुसरी रीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य सांधा घालण्याची: ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, ई२ ८० ८डी. पहिलीत सहा बाइट, दुसरीत नऊ. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात. भिंग लावून पाहिले तरी फरक कळणार नाही. परंतु संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. एखाद्या वाचनालयाच्या यादीत आचार्य अत्र्यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ एका रीतीने नोंदवलेले असले आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर साधा शोध त्याला ‘असे पुस्तक नाही’ म्हणून सांगतो. पुस्तक कपाटात आहे, यादीत आहे, आणि तरी ते नाही!

‘ॲ’ या अक्षराची तीच गत. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत होते, आणि पुष्कळ मजकूर अजूनही तसाच आहे. एकाचे बाइट तीन, दुसऱ्याचे सहा. मतदारयादी असो, विद्यापीठाची गुणपत्रिका असो, की शब्दकोश असो. नाव समोर दिसते आणि शोधात सापडत नाही, तेव्हा बिचारा कारकून स्वतःच्या डोळ्यांना दोष देतो. डोळ्यांचा दोष नसतो. ही भानगड बाइटांच्या पातळीवरच उकलते, आणि ती उकलण्याचे साधन हेक्स एडिटर हेच आहे. त्या साधनाने ‘इथे र आहे, इथे हलन्त आहे, इथे अदृश्य सांधा आहे’ असे सांगण्याऐवजी नऊ ठिपके दाखवावेत, ही तऱ्हा आपण किती दिवस चालवून घ्यायची?

याहून मोठा ठेवा तर जुन्या फाइलींत अडकला आहे. मराठी छपाई संगणकावर आली तेव्हा अनेक फॉन्ट असे होते, की ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे मानक ठरले होते. पण यांतले पुष्कळ फॉन्ट त्याला धरून नव्हते आणि ज्याचा त्याचा कोष्टकक्रम वेगळा. त्या फॉन्टांत जुळवलेले अंक, कादंबऱ्या, संस्थांचे अहवाल, स्मरणिका यांच्या फाइली आज फॉन्ट हाताशी नसला की निव्वळ कचऱ्यासारख्या दिसतात. तो कचरा नाही. एकेका आकड्यासमोर मूळ अक्षर मांडीत गेले, तर कोष्टक तयार होते आणि मजकूर पुन्हा वाचता येतो. मात्र हे काम करणाऱ्याला आपले कोष्टक साधनाला देता आले पाहिजे आणि उजव्या रकान्यात त्याप्रमाणे मराठी उमटली पाहिजे. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून आपण दप्तरांच्या नावाने हळहळतो. तीस वर्षांपूर्वीची देवनागरी आपल्या डोळ्यांदेखत अवाच्य होत आहे, तिची हळहळ कोणाला नाही.

दुसरा आक्षेप असा, की टर्मिनल ही जुनाट वस्तू. माऊस आणि रंगीत खिडक्यांच्या दिवसांत ती कशाला कुरवाळायची? हा आक्षेप घेणाऱ्याचा संगणक अद्याप बिघडलेला नसावा. यंत्राची चित्रे दाखवण्याची शक्ती गेली, तरी अक्षरांची खिडकी बहुधा शाबूत असते. शेकडो कोसांवरच्या संगणकात शिरून काम करावयाचे असते तेव्हा पुष्कळदा तेवढीच खिडकी मिळते. आज मोठ्या कामांसाठी नावाजलेले ‘रडारे’ हे साधन २००६ साली जन्मले ते डिस्कवरचा हरवलेला मजकूर हुडकून परत मिळवण्यासाठी लिहिलेला एक साधा, आज्ञा टाइप करून चालवायचा हेक्स एडिटर म्हणूनच. गरजेच्या वेळी कंदील लागतो. घरात विजेचे दिवे आहेत म्हणून तो फेकून देणारा मनुष्य शहाणा म्हणवत नाही.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे: हे करणे अवघड आहे. ओळीत बाइट सोळा, आणि मराठी चिन्ह तीन बाइटांचे. तीन पंचे पंधरा. सोळावा बाइट उरतो आणि अक्षर दोन ओळींत फाटते. एक्स-एक्स-डीला ओळीत पंधरा बाइट ठेवायला सांगता येते. पण मध्ये एखादी मोकळी जागा आली, की ती एकाच बाइटची, आणि हिशेब पुन्हा मोडला. शिवाय टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर असते. आमची वेलांटी, मात्रा, जोडाक्षरे त्या घरांत सुखाने नांदत नाहीत.

हे सारे खरे आहे. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे, की बाइट पाहताच तो अक्षराचा पहिला की पुढचा हे कळते. आपल्या लिपीचा पहिला बाइट ‘ई’ने सुरू होतो, पुढचे दोन ८, ९, ए किंवा बी यांनी. तेव्हा ओळीच्या शेवटी अक्षर फाटले, तर साधनाने पुढच्या ओळीत डोकावून ते पुरे करावे आणि पहिल्या बाइटाच्या घरात दाखवावे; उरलेली दोन घरे मोकळी सोडावीत. जोडाक्षरे जुळवण्याचा हट्टच धरू नये. इथे आपल्याला सुंदर मराठी वाचावयाची नसून तिचे सुटे भाग पाहावयाचे आहेत. आणि ज्या चिन्हाला स्वतःचे रूपच नाही, त्या अदृश्य सांध्यासारख्यांचे नाव खालच्या ओळीत लिहून दाखवावे. कर्सर जिथे असेल तिथल्या चिन्हाचे नाव सांगणारी एक ओळ; एवढ्याने अर्धा अंधार जाईल. कामसू विद्यार्थ्याच्या आटोक्यातले हे काम आहे.

मग ते होत का नाही? इथे माझे खरे भांडण सुरू होते. ओपन सोर्स या शब्दाचा अर्थ आपण ‘फुकट’ असा करून ठेवला आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन याने मुक्त साधनांची चळवळ जाहीर केली, तेव्हा तिचे मर्म साधन उघडून पाहण्याच्या, सुधारण्याच्या आणि सुधारलेले वाटण्याच्या हक्कात होते. आपण तिच्यातला फक्त ‘मोफत’ तेवढा उचलला. गावची विहीर सार्वजनिक म्हणून घागरी भरायला सारा गाव. गाळ काढायची वेळ आली की ज्याला त्याला परगावी काम!

या वृत्तीचे फळ काय होते, ते २०२४ साली साऱ्या जगाने पाहिले. ‘एक्स-झेड’ हे फाइली दाबून लहान करण्याचे ओपन सोर्स साधन असंख्य संगणकांच्या पोटात बसलेले आहे. त्याची देखभाल वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ आपल्या फावल्या वेळात करीत होता. ‘काम मंद चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या’ असा तगादा त्याच्यामागे लावला गेला. आणि मदतीला धावून आलेला, दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम करून विश्वास संपादन करणारा जो ‘सहकारी’, त्याच्याच नावाने साधनात चोरवाट बसवली गेली. ही चोरवाट लपवली कुठे होती? वाचता येणाऱ्या मजकुरात नव्हे, तर चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बाइटांच्या फाइलींत, ज्या कोणी उघडून वाचीत नाही! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्याने पाठपुरावा केला, आणि २९ मार्च २०२४ रोजी हे बिंग फुटले. नुसता हेक्स एडिटर उघडून ही चोरी पकडता आली असती, असे मी म्हणत नाही. पण दोन धडे त्यातून निघतात: बाइटांकडे पाहणारे डोळे लागतात, आणि जो एकटा मनुष्य आपल्या सर्वांचे ओझे वाहतो, त्याच्या पाठीवर थाप मारणाऱ्यांपेक्षा त्याच्या ओझ्याला खांदा देणारे लागतात.

आपल्याकडे खांदा देण्याऐवजी दोन प्रकार चालतात. एक, मागण्यांची यादी: रंग हवेत, शोध हवा, पूर्ववत करण्याची सोय हवी, आणि हे सारे उद्याच हवे. दुसरा, जुन्यात डोके घालण्याचा कंटाळा म्हणून सगळे नवेच लिहायला घेणे. नवे लिहिण्याची धमक वाईट नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्नू पोक’सारखे साधन, जे बाइटांमागची रचनाच शब्दांत मांडू देते, ते अशाच धमकेतून येते. पण दहांतले नऊ नवे प्रयत्न पहिल्या उत्साहाबरोबर विझतात, आणि जुन्या साधनातला ठिपका होता तिथेच राहतो. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शेवटच्या वर्षाचे ‘प्रकल्प’ ढिगांनी निघतात: तेच वाचनालय, तेच हजेरीपट, जाड पुठ्ठ्याची बांधणी, सोनेरी अक्षरे, परीक्षा झाली की कपाटात. त्याऐवजी एकेका विद्यार्थ्याने चालत्या साधनातली एकेक उणीव दूर करून ती मूळ देखभाल करणाऱ्याकडून मान्य करून घेतली, तर त्यात जे शिक्षण आहे ते पुठ्ठ्यात नाही. दुसऱ्याचे लिहिलेले वाचणे, आपले म्हणणे नम्रपणे पटवणे, ‘हे चुकले, पुन्हा करून आणा’ हे ऐकून घेणे: कारागिरी याच वाटेने येते.

सुधारणांचा क्रमही सांगून ठेवतो, कारण आमच्या मंडळींना शोभेची घाई फार. सर्वांत आधी सुरक्षितता: वापरणाऱ्याने स्पष्ट सांगितल्यावाचून मूळ फाइलीला धक्का लागता कामा नये, आणि चुकलेला बदल मागे घेता आला पाहिजे. मग मोठी फाइल: सारी स्मृतीत न ओढता, हवा तेवढाच भाग वाचला पाहिजे. मग चाचण्या, म्हणजे आज दुरुस्त केलेले उद्या कोणी नकळत मोडणार नाही. त्यानंतर अक्षरांचा रकाना: मराठी, आणि मराठीबरोबर तमिळ, अरबी, चिनीही, कारण ठिपका फक्त आपलाच निघावा असे म्हणणे कोतेपणाचे होईल. मग शोध: ‘कऱ्हाड’ मागितले की दोन्ही रीतींचे सापडले पाहिजे. आणि शेवटी मराठीतली माहितीपुस्तिका. हिला प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नाही. स्वच्छ मराठी लिहिता आली म्हणजे झाले. आमच्या प्राध्यापकांना आणि सेवानिवृत्त शिक्षकांना भाषेच्या भवितव्यावर परिसंवादात जेवढा वेळ जातो, त्याच्या चतुर्थांशात ही पुस्तिका होईल.

मराठीच्या अभिमानाची आपल्याकडे वाण नाही. पाट्यांसाठी आपण भांडतो, आणि भांडावेच. पण दुकानावरच्या पाटीइतकीच लिपीच्या पोटातली पाटीही महत्त्वाची आहे. ती पुसायला कोणी शत्रू आलेला नाही. ती आपण लिहिलीच नाही. साधन उघडे आहे, परवाना मोकळा आहे, घडण वाचायला कोणी आडकाठी करीत नाही. दार बंद असते तर आपण मोर्चा नेला असता. दार सताड उघडे आहे, म्हणूनच बहुधा आपण उंबऱ्यावर बसून राहिलो आहोत.

वाचकहो, तुमच्या घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर या सुटीत त्यांना एवढेच सांगा: “मराठी हा शब्द त्या काळ्या खिडकीत उघडून दाखव.” ठिपके दिसले, की पुढचा प्रश्न विचारा: “हे तुला काढता येतील का?” येतील, असे उत्तर पुष्कळांकडून यावे. पुढच्या दिवाळीला त्या उजव्या रकान्यात एक ‘म’ दिसला, तरी माझे भांडण सत्कारणी लागले असे मी समजेन.